प्रदूषित पाण्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशांचं पचन बिघडतं का?

हो, बिघडतं, आणि मासा मरायच्या कितीतरी आधी. गोड्या पाण्यातला मासा पाणी फारसं पीत नाही. आतड्यात विष पोचतं ते मुख्यतः खाद्यातून आणि तळाच्या गाळातून. कॅडमियम, तांबं असे धातू प्रमाणाबाहेर गेले की अमायलेज, प्रोटीएज, लायपेज या अन्न पचवणाऱ्या विकरांचं (एन्झाइमचं) काम मंदावतं. अशा माशाचं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आतल्या घड्या झिजलेल्या, पेशी सुटलेल्या, वर चिकट श्लेष्मा साचलेला दिसतो. खाल्लेलं अंगी लागणार कसं? रोहू, कटला अशा कार्प माशांना तर जठरच नसतं, सगळा भार आतड्यावर! कीटकनाशकं यकृतालाही इजा करतात. खाद्य भरपूर असूनही मासे खंगलेले दिसले, तर आधी पाणी तपासून घ्या.