मयत मालकाची सही आणि पंचवीस हजारांचा इसार

प्रश्न : मॅडम, मी नाशिकमध्ये सातपूरला कारखान्यात नोकरीला आहे. मुंबई नाक्याजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या एका गाडीवाल्याकडे २०१७ ची डिझेल गाडी पसंत केली. सौदा ४ लाख १० हजारांना ठरला, २५ हजार इसार यूपीआयने दिला. आरसीवरचे (नोंदणी प्रमाणपत्रावरचे) मालक निफाडकडचे. ते ८ महिन्यांपूर्वी वारले, हे आत्ता कळलं. गाडीवाला म्हणतो, "मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या आधीच घेतल्यात, तारीख टाकली की झालं." आरसीवर बँकेचा बोजाही दिसतो, पण कर्ज फिटलंय म्हणे. मेकॅनिकने इंजिन ओके सांगितलंय. गाडी घेऊ का? नाही घेतली तर इसार बुडेल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेला फॉर्मचा फोटो मोठा करून पाहिला. खाली निळ्या शाईतली थरथरती सही आहे. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारीखही कोरी. असे सह्या केलेले कोरे फॉर्म पुष्कळ गाडीवाल्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात आणि एरवी काम निभावूनही जातं, कारण मालक हयात असतो. इथे तो नाही. त्या कोऱ्या जागेत आज टाकलेली तारीख एकतर मृत्यूनंतरची असेल, नाहीतर मागची खोटी. फॉर्म ३० वर घेणारा म्हणून सही तुमची लागते, हे विसरू नका. पेठ रोडला आरटीओत प्रश्न निघाला, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

मेकॅनिकने गाडी पाहिली, ठीक. पण समोरच्या माणसाला ती विकायचा हक्क आहे का, हे कुणी पाहिलं? मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम २७ सरळ सांगतं : जी मालकी विकणाऱ्याकडेच नाही, ती घेणाऱ्याला मिळत नाही. गाडीवाल्याने मालक हयात असताना पैसे मोजून गाडी घेतली असेल, तर गोष्ट वेगळी. मग त्याच्याकडे पावती किंवा बँकेतली नोंद असायला हवी. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की फॉर्म २९-सी पोर्टलवर भरावा लागतो. तो भरला की गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. हे दोन्ही कागद मागा. दाखवले तर पुढे बोलता येईल. "एवढं कोण करतं हो!" असं ऐकू आलं, तर तो निव्वळ मधला माणूस आहे असं समजा.

तसं असेल तर गाडी आज वारसांची. तिचा रस्ता निफाडवरून जातो. आरसीवर नॉमिनी लावलेला असेल तर काम सोपं. नसेल तर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि फॉर्म ३१ देऊन गाडी आधी एका वारसाच्या नावावर चढते. हा अर्ज ३ महिन्यांत करायचा असतो. मुदत उलटली तरी काम होतं, दंड भरावा लागतो. हिंदू कुटुंबात पत्नी, मुलगे आणि मुलींबरोबर मयताची आईसुद्धा वारस असते. लेकींची आणि म्हाताऱ्या आईची संमती घ्यायला हमखास विसरलं जातं. गाडी त्या वारसाच्या नावावर झाली, की त्याच्या स्वतःच्या सहीने २९ आणि ३० भरून तुमच्या नावावर.

बोजाचं म्हणाल तर "फिटलंय" या शब्दाला काडीची किंमत नाही. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा, बँकेचा सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ हातात हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार वित्त देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलाची नोंद होत नाही. विमाही बघा. मालक गेल्यावर पॉलिसी साधारण ३ महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालते. तेवढ्यात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. इथे ८ महिने झालेत. बाकी ई-चलन आणि चेसिस नंबर ताडून बघा. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, तेव्हा उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का तेही.

आता इसार. लेखी करार नाही म्हणून घाबरू नका, यूपीआयची नोंद पुरावाच आहे. बोजा आणि मालकाचा मृत्यू तुमच्यापासून लपवून सौदा केला असेल, तर तुम्ही तो मोडू शकता आणि पैसे परत मागू शकता. लगेच पोलीस ठाण्यात जाऊ नका. फसवणुकीचा गुन्हा उभा राहायला पैसे घेतानाच त्याची नियत खोटी होती हे दाखवावं लागतं, नाहीतर "दिवाणी बाब आहे" म्हणून परत पाठवतील. आधी व्हॉट्सअपवर लिहा : "मालक मयत असल्याचं आणि बोजाचं मला इसार घेताना सांगितलं नाही. २९-सी, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ सात दिवसांत दाखवा, अन्यथा २५,००० रुपये परत करा." उत्तर आलं नाही तर हाच मजकूर स्पीड पोस्टने नोटीस म्हणून पाठवा, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीवाला धंदा म्हणून गाड्या विकतो, त्यामुळे तुम्ही ग्राहक ठरता. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही.

आणि तो "तोवर आठवडाभर चालवून बघा" म्हणाला, तरी चावी घेऊ नका.