त्या नव्वद टक्क्यांचा छेद काय, ते विचार

चि. भावी डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कॉलेजांची यादी पाहिली. प्रत्येक नावापुढे, तिथून पदवी घेतलेल्यांपैकी किती जणांना पुढे मेडिकलला प्रवेश मिळतो, ती टक्केवारी लिहून ९० टक्केवालं कॉलेज तू सगळ्यात वर ठेवलंयस. यादी असू दे, तो टक्केवारीचा रकाना मात्र आधी खोड.

२०२३-२४ च्या फेरीत अमेरिकेतल्या एम.डी. (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या मेडिकल स्कूलना ५२,५७७ जणांनी अर्ज केले आणि २२,९८१ जण दाखल झाले. म्हणजे शंभरातले साधारण चव्वेचाळीस. एखादं कॉलेज याच्या दुप्पट आकडा सांगतं, तेव्हा तिथली मुलं खरोखर हुशार असतीलही, पण छेदही कुठेतरी लहान केलेला असतो.

एक काल्पनिक हिशेब मांडून बघ. पहिल्या वर्षाला ३०० मुलं ‘मी प्रीमेड’, म्हणजे पदवीनंतर मेडिकलला जाणार, असं म्हणत येतात. जनरल केमिस्ट्रीत काही गळतात, ऑरगॅनिकमध्ये त्याहून जास्त. काहींचं मन प्रामाणिकपणे दुसऱ्या विषयात रमतं, तेही वजा. शेवटी ६० जण अर्ज करतात, ५४ जणांना प्रवेश मिळतो आणि माहितीपत्रकावर ९० टक्के छापून येतात. सुरुवातीच्या ३०० वर काढलेस तर १८. दोन्ही आकडे खरे आहेत, पण तू आज उभी आहेस त्या तीनशेंच्या रांगेत.

दुसरी चाळणी समितीच्या पत्राची. बऱ्याच कॉलेजांत प्राध्यापकांची समिती विद्यार्थ्याची मुलाखत घेऊन एकत्रित शिफारसपत्र देते. चांगली सोय आहे. पण काही ठिकाणी ठरावीक जीपीएच्या (चारपैकी सरासरी गुणांकाच्या) खाली असलेल्यांना ते पत्र देत नाहीत, किंवा ‘एक वर्ष थांब’ म्हणतात. ज्या कॉलेजात असं पत्र मिळतं, तिथल्या विद्यार्थ्याने ते जोडलं नाही की मेडिकल स्कूल कारण विचारतात, म्हणून मुलं अर्जच करत नाहीत. कॉलेज मग फक्त ‘समितीचा पाठिंबा असलेल्यांची’ टक्केवारी छापतं. ती ओळ बारीक अक्षरात तळाला असते.

‘प्रवेश’ या शब्दातही बरंच काही कोंबता येतं. डी.ओ. (ऑस्टिओपॅथीची मेडिकल पदवी) मोजलं तर माझी हरकत नाही, तेही पूर्ण डॉक्टरच. पण डेंटल, पशुवैद्यक आणि कॅरिबियन बेटांवरची मेडिकल स्कूल एकाच आकड्यात असतील तर तुलना संपली. शिवाय बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून ठेवणारे बी.एस.-एम.डी. अभ्यासक्रम असतात, आपल्या मराठी घरांत ज्यांची भारी चर्चा असते ते. त्या मुलांची जागा आधीच ठरलेली असते. ती धरली की टक्का आपोआप वर जातो आणि तुला त्याचा काहीच उपयोग नाही.

राज्याचाही हात असतो. टेक्सासच्या सरकारी मेडिकल स्कूलना किमान ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना द्याव्या लागतात. उलट कॅलिफोर्नियात अर्जदारांच्या मानाने जागा कमी. एकट्या यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठामधूनच दरवर्षी हजाराहून जास्त अर्ज जातात. तेव्हा दोन राज्यांतल्या कॉलेजांचे टक्के शेजारी ठेवून शिकवण्याचा दर्जा कळत नाही. तू ज्या राज्याची रहिवासी, तिथल्या सरकारी मेडिकल स्कूलमध्ये बाहेरच्यांना किती जागा आहेत, ते आधी बघ.

मग बघायचं काय? मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, जीपीए आणि एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा एक तक्ता प्रसिद्ध करते. त्यात कॉलेजचं नाव नसतं. जीपीए ३.७९ च्या वर आणि एमकॅट ५१७ च्या वर असलेल्यांना साधारण ८० टक्के वेळा प्रवेश मिळतो. म्हणजे तिथेही पाचातला एक राहतो. म्हणून कॉलेज असं निवड, जिथे तुझा जीपीए टिकेल. जिथे केमिस्ट्रीचा वर्ग मुद्दाम बी-मायनस ग्रेडच्या आसपास बसवतात, तिथलं नाव मोठं असलं तरी तुझे गुण लहान होतील. प्रतिष्ठेची भरपाई थोडी मिळते, पूर्ण मिळत नाही.

प्रत्येक कॉलेजच्या प्रीहेल्थ सल्लागारांना (मेडिकलला जाणाऱ्यांना मार्गदर्शन करणाऱ्यांना) ईमेल कर आणि विचार: पहिल्या वर्षी प्रीमेड म्हणून किती जण नोंदवतात, आणि चार वर्षांनी (गॅप इयर, म्हणजे मध्ये घेतलेलं मोकळं वर्ष, धरून) त्यातले किती अर्ज करतात? समितीचं पत्र कुणालाही मिळतं का? पहिल्याच प्रयत्नात एम.डी.ला किती गेले? ३.४ ते ३.६ जीपीएवाल्यांचं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारं कॉलेज सहसा बाकीच्या गोष्टींतही सरळ असतं. एका सल्लागारामागे किती विद्यार्थी, हेही विचार. ‘आमचे आकडे गोपनीय आहेत’ असं उत्तर आलं, तर यादीत ते खाली सरकव.

एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव, कारण तू अजून हायस्कुलात आहेस. मेडिकलचा सामाईक अर्ज, एएमकॅस, तुझा जीपीए स्वतः नव्याने मोजतो. हायस्कुलात असताना कम्युनिटी कॉलेजातून घेतलेला ड्युअल एनरोलमेंटचा विषयही त्यात येतो. विषय परत घेतलास तर जुने आणि नवे दोन्ही गुण धरले जातात. तेव्हा उन्हाळ्यात हौसेने कॅल्क्युलस घेऊन सी आणू नकोस.

आणि पैसे. आईबाबांसोबत बसून हा भाग वाच. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं सरकारी ग्रॅड प्लस कर्ज बंद आहे. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. अनेक ठिकाणी चार वर्षांचा खर्च त्याहून जास्त होतो, वरचं खाजगी कर्जातून किंवा घरातून. म्हणून पदवीलाच वर्षाला ८०,००० डॉलर घालवून ९० टक्क्यांच्या आशेवर जाण्यापेक्षा, शिष्यवृत्ती देणारं राज्याचं विद्यापीठ आणि शिल्लक राहिलेले पैसे, हा पर्याय मी यादीत वर ठेवीन. बाबांना नाव छोटं वाटेल. त्यांना आधी शिष्यवृत्तीचं पत्र दाखव, मग बोल.

ईमेलची उत्तरं आली की मला पाठव. न आलेल्यांची नावंही कळव.

तुझी,
मावशी