वेंगुर्ला रॉक्सला निघालास तर

नाथसागराच्या काठावर पक्षी बघत दोन हिवाळे काढलेस म्हणून वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे कोकणच्या समुद्रातली ती खडकाळ बेटं, सोपी जातील असं समजू नकोस, लेका. पैठणला आपण तिकाटण्यावर दुर्बीण ठेवून निवांत कुरव (पाणपक्षी, इंग्रजीत गल) मोजतो. तिथं तू हलतोस, होडी हलते आणि पक्षी तर हलतोच. म्हणून १० पटींची दुर्बीण घरी ठेव, ८ बाय ४२, म्हणजे आठ पटींची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे.

निवतीहून होडी पहाटेचीच ठरव, दुपारी वारा चढतो. अर्धा तास आधी उलटीची गोळी घे, वर थोडी कोरडी भाकरी. मी पहिल्यांदा शहाणपणा करून उपाशीच बसलो; खडक दिसले तेव्हा माझी मान होडीच्या काठाबाहेर लोंबत होती. मागच्या बाजूला बस, नजर क्षितिजावर ठेव. लाइफ जॅकेट घालायचं, उशाला घ्यायचं नाही.

जवळ गेलास की नावाड्याला इंजिन हळू करायला सांग. कड्यावर जिथं विष्ठेचे पांढरे ओघळ जास्त, तिथं दुर्बीण लाव. गुहेच्या तोंडाशी काळपट, छोट्या पाकोळ्या (वटवाघळं नव्हेत, पक्षीच) सपासप आत-बाहेर करतील. त्या लाळेनं कपारीला घरटं चिकटवतात, आणि सूपसाठी विकली जातात म्हणून त्याच घरट्यांवर चोरांचा डोळा असायचा. आत शिरू नकोस. सुरय (समुद्रपक्षी, इंग्रजीत टर्न) तर उघड्या खडकावरच अंडी घालतात. माणूस उतरला की ते उठतात आणि अंडी उन्हात तापतात. फोटो होडीतूनच काढ.

जून-जुलैत जायचा विचारही करू नकोस.