छापलेलं माप जुळतं, तरी टायर जुळत नाहीत : ऑल-व्हील ड्राइव्हबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांच्या टायरबद्दल प्रश्न सतत येतात. शब्द वेगळे, पण गोंधळ एकच. टायरच्या कडेला छापलेले आकडे सारखे असले की टायर सारखे, असं लोक धरून चालतात. गाडीच्या यंत्रणेला ते आकडे कळत नाहीत. एका फेऱ्यात चाक किती अंतर कापतं, म्हणजे टायरचा घेर किती, एवढंच तिला कळतं. या वेळी त्यातले काही प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : चारही टायर एकाच मापाचे आहेत, पण दोन एका कंपनीचे आणि दोन दुसऱ्या. चालेल का?

नको. छापलेलं माप एकच असलं तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर काही मिलिमीटरने वेगळा निघू शकतो. कंपनी, मॉडेल आणि माप, तिन्ही एकच ठेवा.

प्रश्न : एका टायरची कड फाटली. बाकीचे तीन निम्मे झिजलेत. दुकानदार म्हणतो, त्याच कंपनीचा, त्याच मापाचा एक नवा घाला, काही होत नाही. घालू का?

हा सल्ला सर्वात जास्त दिला जातो आणि सर्वात जास्त नुकसान यानेच होतं. म्हणून जरा सविस्तर.

२२५/६५ आर१७ हे माप घ्या. २२५ ही मिलिमीटरमधली रुंदी, कडेची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १७ इंची. हिशेब केला तर नव्या टायरचा व्यास सुमारे ७२४ मिलिमीटर आणि घेर सुमारे २२७५ मिलिमीटर येतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तुमचे तीन टायर ४ मिलिमीटरवर आले असतील तर त्रिज्या ४ मिलिमीटरने कमी झाली आणि घेर सुमारे २५ मिलिमीटरने. म्हणजे जुनं चाक किलोमीटरमागे नव्यापेक्षा जवळपास ५ फेरे जास्त घेतं. टायर भाराखाली दबतो, त्यामुळे रस्त्यावर हा आकडा थोडा कमी-जास्त होईल, पण फरक राहतोच.

आता हा फरक गाडीच्या पोटात कुठे जातो ते पाहा. नवं चाक मागे डावीकडे आहे असं धरा. डिफरन्शियल म्हणजे एका धुरेवरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी. मागच्या डिफरन्शियलला डाव्या-उजव्या चाकातला फरक सरळ रस्त्यावरही सतत पचवावा लागतो. एरवी हे काम ते फक्त वळणावर करतं. मागच्या दोन चाकांची सरासरी पुढच्यांपेक्षा किलोमीटरला अडीच फेऱ्यांनी कमी पडते. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ च्या आसपास असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला मागे ताकद नेणाऱ्या दांड्याचे (शाफ्टचे) चार फेरे होत असतील, तर शाफ्टकडे तो फरक किलोमीटरला सुमारे १० फेऱ्यांचा होतो. शंभर किलोमीटरच्या प्रवासात एक हजार फेरे. हे सगळे फेरे पुढची आणि मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या भागाला, म्हणजे कपलिंगला, सरकून सोसावे लागतात.

तो भाग कसला आहे, यावर नुकसानीचं रूप ठरतं. व्हिस्कस कपलिंग असेल तर आतला सिलिकॉन द्रव घुसळून तापतो, कपलिंग जखडायला लागतं आणि एकदा बिघडलं की पुन्हा सुधारत नाही. क्लच प्लेट असतील तर संगणकाला चाकांच्या गतीत कायमचा फरक दिसतो. एखादं चाक घसरतंय असं समजून तो क्लच दाबत राहतो. प्लेट घासतात, तेल करपतं. पुढच्या-मागच्या धुरेमधलं नुसतं दातेरी सेंटर डिफरन्शियल जास्त सोसतं, पण तेही असं अखंड फिरत राहायला बनवलेलं नाही.

‘काही होत नाही’ असं दुकानदाराला वाटतं, कारण त्या दिवशी खरंच काही होत नाही. गाडी सरळ चालते, आवाज येत नाही. नुकसान हळूहळू साठतं आणि ते उघड होईपर्यंत त्या टायरचा कुणाला संशयही येत नाही.

मग काय करायचं? आधी टायर खरंच गेला आहे का ते बघा. कड फाटली असेल तर तो गेलाच, कडेची दुरुस्ती करू नये. पण भोक नक्षीच्या भागात असेल आणि ६ मिलिमीटरपेक्षा मोठं नसेल, तर टायर रिमवरून काढून आतून पॅच आणि प्लग एकत्र बसवण्याची दुरुस्ती बहुतेक वेळा होते. पंक्चरच्या नावाखाली चांगला टायर बाद करून नवा विकणारेही आहेत, म्हणून टायर रिमवरून उतरवून आतून तपासलेला स्वतः पाहा.

टायर गेलाच असेल तर सर्वात खात्रीचा मार्ग चारही बदलण्याचा. दुसरा मार्ग, त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा आणि बाकीच्यांइतकाच झिजलेला वापरलेला टायर शोधणं. त्याच्या कडेवर ‘DOT’ अक्षरांपुढे छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आतून जुनी दुरुस्ती किंवा सुरकुतलेली कड दिसली तर घेऊ नका. तिसरा मार्ग, नवा टायर यंत्रावर तासून बाकीच्यांच्या खोलीला आणणं. ही सोय सगळीकडे नसते आणि हे काम हाताने करायचं नाही. कुठलाही मार्ग घेण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमधली मर्यादा वाचा आणि ही यंत्रणा उघडून पाहिलेल्या मेकॅनिकला विचारा. फक्त टायर विकणाऱ्याच्या शब्दावर ठरवू नका.

प्रश्न : किती फरक चालतो, याचा एक ठरलेला आकडा आहे का?

सगळ्यांना लागू पडेल असा नाही. सुबारू या जपानी कंपनीची मर्यादा घेरात पाव इंचाची, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटर. नक्षीच्या खोलीत मोजली तर हा जेमतेम १ मिलिमीटरचा फरक होतो. काही कंपन्या खोलीत २-३ मिलिमीटरपर्यंत सूट देतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल तोच आकडा खरा. त्यात सापडला नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी मागा.

प्रश्न : घरी मोजता येईल का?

येईल. टायर थंड असताना चारही चाकांत दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरा. मग डेप्थ गेजने प्रत्येक टायरच्या मुख्य खाचांत आत, मध्ये आणि बाहेर अशी खोली घ्या. खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यावर गेज टेकवू नका, आकडा चुकेल. टायरभोवती तीन ठिकाणी हेच करा आणि लिहून ठेवा. आतली आणि बाहेरची खोली फार वेगळी आली तर अलाइनमेंटही तपासून घ्या.

घेर पाहायला एक साधी रीत आहे. सपाट, गुळगुळीत जागेवर गाडी सरळ उभी करा, स्टिअरिंग सरळ ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या. चारही टायरवर जमिनीला टेकलेल्या बिंदूच्या रेषेत खडूने खूण करा. एकाने आत ब्रेकवर बसायचं, बाकीच्यांनी गाडी हळू ढकलायची. पुढच्या डाव्या चाकाचे बरोबर पाच फेरे झाले की थांबा आणि बाकीच्या खुणा बघा. घेरात ६ मिलिमीटरचा फरक असेल तर खूण सुमारे ३ सेंटीमीटर सरकलेली दिसेल. २५ मिलिमीटरचा फरक असेल तर साडेबारा सेंटीमीटर, जवळजवळ अर्धी वीत. तेवढं दिसायला गेज लागत नाही. ही रीत फक्त अंदाजासाठी. संशय आला की पुढचं मोजमाप वर्कशॉपमध्ये करून घ्या.

प्रश्न : दोनच नवे घ्यायचे असतील तर तिरपे, म्हणजे पुढे डावा आणि मागे उजवा घालावे, म्हणजे समतोल राहतो असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. हे अर्धवट गणित ऐकून पसरलेलं आहे. पुढची आणि मागची सरासरी सारखी येते, त्यामुळे मधल्या कपलिंगवरचा ताण कमी होतो, एवढं खरं. पण दोन्ही डिफरन्शियल प्रत्येक किलोमीटरला फिरत राहतात. त्यांतलं एखादं लिमिटेड-स्लिप, म्हणजे दोन चाकांतला फरक प्लेटने रोखणारं असेल तर त्याच्या प्लेट घासतात. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लागला की प्रत्येक धुरेवर एक चाक पकडतं आणि दुसरं घसरतं. पुढे आणि मागे मर्यादेच्या आतला फरक असेल तरच दोन घ्या, आणि जोडी एकाच धुरेवर घाला. साधारणपणे जास्त नक्षीची जोडी मागे असावी, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी सुटत नाही. तुमचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका.

प्रश्न : स्टेपनी लावून किती दिवस चालवता येईल?

दिवसांत मोजायचंच नाही. जवळच्या टायरवाल्यापर्यंत, तेवढंच. छोट्या स्टेपनीवर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते आणि तिचा घेर मूळ चाकापेक्षा बऱ्याचदा वेगळा असतो. काही जुन्या ऑटोमॅटिक सुबारूंत बॉनेटखाली एका ठिकाणी फ्यूज घातला की मागच्या चाकांना जाणारी ताकद बंद होते आणि तेवढ्यापुरतं भागतं. सगळ्या गाड्यांत ही सोय नसते, म्हणून मॅन्युअल वाचल्याशिवाय फ्यूज शोधत बसू नका.

पूर्ण मापाची स्टेपनी असली तरी ती वर्षानुवर्षं न वापरता पडलेली असते. तीन झिजलेल्या टायरसोबत एक कोरा, म्हणजे वरचीच अडचण. मॅन्युअल परवानगी देत असेल आणि टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तर पाचही टायर रोटेशनमध्ये, म्हणजे आळीपाळीने जागा बदलत ठेवा. दर ८ ते १० हजार किलोमीटरला रोटेशन करा.

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीनेच मागे रुंद टायर दिलेत. मग ही चूक नाही का?

नाही. रुंदी वेगळी, घेर सारखा. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या काही आवृत्त्यांत पुढे २७५/४० आर२० आणि मागे ३१५/३५ आर२० असतात. हिशेब करून बघा, दोन्हींचा व्यास ७२८ मिलिमीटरच्या आसपास येतो. बदलताना हीच जोडी घ्या. ‘मागचे थोडे आणखी रुंद घालूया’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. अशा गाडीत पुढचे टायर मागे नेता येत नाहीत, त्यामुळे पुढची-मागची झीज लवकर वेगळी होते. मोजमाप इथे जास्त वेळा करावं लागतं.

प्रश्न : १७ ऐवजी १८ इंची रिम घालायचं आहे.

चारही एकदम बदलणार असाल आणि ते माप मॅन्युअलमध्ये असेल तर हरकत नाही. २२५/६५ आर१७ च्या जागी २२५/६० आर१८ आला तर घेरात सुमारे ९ मिलिमीटरचाच फरक पडतो आणि तो चारही चाकांना सारखा पडतो. दोनच चाकांना नाही. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

प्रश्न : दोन मोटर असलेल्या इलेक्ट्रिक गाडीलाही हे लागू आहे का?

काही अंशी. पुढच्या आणि मागच्या मोटरमध्ये शाफ्ट नसतो, त्यामुळे मधलं कपलिंग जळण्याचा प्रश्नच येत नाही. पण प्रत्येक धुरेवरचा डावा-उजवा फरक डिफरन्शियलला सोसावाच लागतो. घसरण ओळखणारा संगणकही चाकांच्या गतीवरच चालतो. एका धुरेवर टायर जुळवा, पुढच्या-मागच्या फरकाची मर्यादा कंपनीला विचारा.

प्रश्न : माझ्याकडे लिव्हरने फोर-व्हील टाकायची जुनी जीप आहे. तिला काय?

टू-व्हीलमध्ये पुढचा-मागचा फरक चालून जातो. फोर-हायमध्ये, म्हणजे लिव्हरने चारही चाकं जोडल्यावर, नाही. मध्ये डिफरन्शियल नसतं, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर सरळ जातानाही शाफ्ट पिळत जातो आणि लिव्हर अडकतो. चिखल किंवा वाळू संपली की लगेच टू-व्हीलला या.

प्रश्न : तीन महिन्यांपूर्वी एकच टायर बदलला होता. आता पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की गाडी अडकल्यासारखी धक्के देते. टायर झिजून सारखे झाले की थांबेल ना?

नाही थांबणार. आणि टायर सारखे होईपर्यंत वाट बघणं म्हणजे तेवढे दिवस कपलिंग जाळत राहणं. हळू वळताना अडखळणं, खालून गुरगुर किंवा गुणगुण येणं, लांबच्या प्रवासानंतर करपल्याचा वास, ट्रॅक्शनचा दिवा, यातलं एकही दिसलं तरी गाडी वापरणं थांबवा. नुसते टायर बदलून भागणार नाही. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल काढून बघायला सांगा. काळं आणि करपट वासाचं आहे का, चुंबकाच्या बोल्टवर नेहमीच्या करड्या लेपाऐवजी धातूचे कण आहेत का? कण असतील तर नुसतं तेल बदलून गाडी परत घेऊ नका. कपलिंगची तपासणी करून घ्या, आणि टायर जुळल्याशिवाय नवं कपलिंग बसवू देऊ नका, तेही जाईल.

प्रश्न : मग गाडी वर्कशॉपपर्यंत टो करून नेऊ का?

सपाट ट्रकवर, चारही चाकं उचलून. पुढची दोन उचलून मागची रस्त्यावर फिरू दिली, तर एक धुरा थांबलेली आणि दुसरी पळती. इतका वेळ मिलिमीटरमध्ये बोलत होतो, तोच फरक इथे पूर्ण फेऱ्यांचा होतो. टोवाला ‘थोडंच अंतर आहे’ म्हणाला तर दुसरा बोलवा.