आमचा एआय एजंट बारा टूलमधून चुकीचं टूल उचलतो; टूलचं डिस्क्रिप्शन किती ओळींचं असावं? मराठीत लिहिलं तर चालतं का?

ओळी मोजायच्या भानगडीत पडू नका, पण तीन-चार वाक्यांच्या खाली येऊ नका. (टूल म्हणजे एजंटमागचं एआय मॉडेल गरज पडली की वापरतं तो छोटा प्रोग्राम, आणि डिस्क्रिप्शन म्हणजे तो काय करतो याचं मॉडेलसाठी लिहिलेलं वर्णन.) तुमचा एजंट बारा टूलमधून चुकीचं उचलतो म्हणता, आणि टीममधले म्हणतात 'एका ओळीत बसव, मॉडेलला कळतं'. हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून लिहायला बसलो.

लातूरच्या आडत बाजारातल्या एका पेढीसाठी आम्ही व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एजंट केला होता. 2024 चा सोयाबीनचा हंगाम. टूल दोन, गेट_रेट (बाजारातला दर) आणि गेट_एमएसपी (एमएसपी म्हणजे सरकारी हमीभाव). पहिल्याचं डिस्क्रिप्शन 'शेतमालाचा दर देतं', दुसऱ्याचं 'शेतमालाचा किमान दर देतं'. लिहिणारे साहेब पुण्यात, आमचे लीड. त्यांनी आडत बाजार कधी बघितलेला नाही. बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं.

औशाकडच्या एका मामांनी विचारलं, सोयाबीन कमीत कमी कितीला जाईल? एजंटनं छातीठोकपणे सांगितलं, 4,892 रुपये क्विंटल. तो त्या हंगामाचा हमीभाव. बाजार चार-सव्वाचार हजारांच्या आसपास चालला होता. मामांनी टेम्पो केला, कट्टे (पोती) आणून टाकले, आणि पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, हातात पडल्यावर पेढीवरच उभे राहिले. 'तुमचंच मशीन म्हनलंय न्हवं? मग वरचे पैसे कुनी खाल्ले?' मालकानं त्यांना चहा पाजला आणि मला फोन लावला. त्या फोनवर काय ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लीडचं निदान तयार होतं: मॉडेल छोटं पडतंय, मोठं घेऊ. अहो, मॉडेलला टूलचं दिसतं काय? टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा. 'कोडमध्ये स्पष्ट लिहिलंय की' याला काडीचा अर्थ नाही, कोड त्याच्यासमोर नसतोच. मी गेट_रेटचं असं केलं:

'बाजार समितीत दिलेल्या तारखेला प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देतं, रुपये प्रति क्विंटल. आजचा भाव, माल कितीला गेला, अशा प्रश्नांसाठी हेच वापर. पुढच्या दिवसांचा अंदाज देत नाही. सरकारी हमीभावासाठी वापरू नकोस, त्याला गेट_एमएसपी आहे. सौदे झाले नसतील तर रिकामी यादी येते. तेव्हा जुना दर आजचा म्हणून सांगू नकोस.'

गेट_एमएसपीत घातलं की हा केंद्र सरकारनं हंगामासाठी जाहीर केलेला दर आहे, बाजारात मिळेलच असं नाही, आणि खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट असते. (ती 12 टक्के होती, त्या वर्षी नोव्हेंबरात 15 केली. असले आकडे डिस्क्रिप्शनमध्ये कोंबू नका, टूलच्या उत्तरातून येऊ द्या.) मॉडेल तेच ठेवलं, आणि हा घोळ थांबला. लीड म्हणाले, 'मराठी मीडियमवाले निबंध छान लिहितात.' हसले सगळे. हसू द्या.

पॅरामीटरचंही तेच. 'जिल्हा: स्ट्रिंग' एवढ्यानं भागत नाही. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुन्या डेटात जुनी नावं, लोक दोन्ही बोलतात. चालणाऱ्या नावांची यादी एनममध्येच (स्कीमातली ठरावीक पर्यायांची यादी) द्या. कळंब तर धाराशिवातही आहे आणि यवतमाळातही, म्हणून बाजाराबरोबर जिल्हा सक्तीचा करा. आणि क्विंटल की कट्टा, हे प्रत्येक आकड्यापाशी लिहा.

माझं स्पष्ट मत: डिस्क्रिप्शन लिहायचं काम आर्किटेक्टला देऊच नका. जो ग्राहकांचे फोन उचलतो त्याला द्या. इंग्रजी मोडकं असलं तरी कुठं गोंधळ होतो हे त्यालाच माहीत असतं. नंतर चॅटमधले खरे प्रश्न काढून एजंटला परत विचारा, शेतकऱ्यानं टाइप केले तसेच, शुद्धलेखन न सुधारता.

आता लीडच्या बाजूचं थोडं. प्रत्येक टूलचं डिस्क्रिप्शन प्रत्येक विनंतीबरोबर जातं, त्याचे टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) लागतात, म्हणजे पैसे. बारा टूलना पानपानभर लिहू नका. आणि दोन टूलमधला फरक तुम्हालाच एका दमात सांगता येत नसेल तर ती एकत्र करा, शब्द वाढवून तिथं काही होत नाही.

मराठीचं राहिलंच. डिस्क्रिप्शन मराठीत चालतं, पण इंग्रजीपेक्षा टोकन जास्त खातं. टूलचं नाव मात्र बहुतेक एपीआयमध्ये (मॉडेलला कोडमधून जोडायची सोय) रोमन अक्षरांतच लागतं. मी इथं नावं देवनागरीत आणि वरची डिस्क्रिप्शन मराठीत दिलीत ती वाचायला सोपं जावं म्हणून. प्रत्यक्षात आम्ही वर्णन इंग्रजीत ठेवलं आणि लोकांच्या तोंडचे शब्द, पट्टी, कट्टा, आवक, मराठीतच त्यात घातले.