पाणी असं का वागतं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पाण्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. पहिलं उत्तर जरा सावकाश वाचा, पुढची बरीचशी त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड हे सगळे साध्या तापमानाला वायू असतात. पाण्याचा रेणूही तसाच हलका, मग पाणी द्रव कसं?

अगदी मुळालाच हात घातलास. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंश सेल्सियसलाच उकळतो. सल्फरच्या जागी ऑक्सिजन आला की उत्कलनबिंदू थेट १०० वर! याला कारण ऑक्सिजनचा हावरेपणा. हायड्रोजनबरोबर वाटून घेतलेले इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे ओढून धरतो. त्यामुळे त्याच्या बाजूला थोडा ऋणभार आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनभार जमतो. रेणू सरळ रेषेत असता तर दोन्हीकडची ओढ एकमेकींना रद्द करून मोकळी झाली असती, पण तो सुमारे १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला आहे. म्हणून एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे खेचला जातो. हाच हायड्रोजन बंध.

रेणूच्या आतल्या बंधापुढे तो अगदीच दुबळा, विसाव्या हिश्शाच्या आसपास. पण प्रत्येक रेणू असे चार बंध करू शकतो, आणि एक सुटला तरी बाकीचे धरून असतात. अमोनियाही हायड्रोजन बंध करतो; मात्र त्याच्या नायट्रोजनकडे मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी (बंधात न गुंतलेली, शेजारच्या हायड्रोजनला धरू शकणारी) एकच असल्याने जाळं विरळ राहतं. तो उणे ३३ अंशांनाच उकळतो.

प्रश्न : फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली विसरले आणि ती तडकली. गोठल्यावर वस्तू आकसतात ना?

बहुतेक पदार्थ आकसतात. पाणी, बिस्मथ, गॅलियम, सिलिकॉन ही त्यातली अपवाद मंडळी. बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना ठरावीक अंतरावर आणि ठरावीक दिशेला धरून बसतो. त्या मांडणीत पोकळ्या राहतात आणि आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. वाढायला जागाच नसेल तर दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या शेकडो पट होऊ शकतो. काचेची काय कथा, लोखंडी नळही फुटतात.

याच खोडीमुळे थंड प्रदेशातले मासे जगतात. तलावाचं पाणी वरून थंड होतं, जड होतं आणि तळाला जातं. हे ४ अंशांपर्यंत चालतं, कारण पाण्याची घनता तिथे सर्वाधिक असते. त्याहून गार पाणी पुन्हा हलकं होतं, वरच थांबतं आणि गोठतं. वर बर्फाचं झाकण, त्याखाली उणे तापमानाची झळ न लागलेलं द्रव पाणी आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासची ऊब (माशांच्या हिशेबाने ऊबच). शिवाय गार पाण्यात ऑक्सिजनही जास्त विरघळतो : ० अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम ७.५.

एक दुरुस्ती इथेच करून टाकतो. ४ अंशांचा नियम गोड्या पाण्याचा. समुद्राचं पाणी मिठामुळे गोठेपर्यंत जड होतच जातं. बर्फ मात्र तिथेही तरंगतो.

प्रश्न : घामाने खरंच गार वाटतं, की तो नुसता समज आहे?

समज नाही, पण अट आहे : घाम वाळला पाहिजे. द्रवाची वाफ करायची तर हायड्रोजन बंध तोडावे लागतात, आणि त्यासाठीची उष्णता त्वचेतून घेतली जाते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. ७० किलोच्या माणसाच्या अंगात तेवढी उष्णता साठून राहिली, तर त्याचं तापमान १० अंशांच्या आसपास वाढेल. म्हणजे घामाशिवाय उन्हातलं काम संपलंच. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ठिबकतो; पाणी जातं आणि गारवा काहीच नाही. म्हणून दमट हवेतला उष्माघात अधिक फसवा.

प्रश्न : झाडाला ना हृदय, ना पंप. मग पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं? केशाकर्षण (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं) म्हणावं का?

पुस्तकं केशाकर्षणावर भागवतात, पण ते पुरत नाही. जलवाहिन्यांच्या जाडीचा विचार केला तर त्याने पाणी फार तर मीटरभर चढेल. वरून हवा शोषून पाणी खेचायचं म्हटलं तर वातावरणाचा दाब १०.३ मीटरांवर हात टेकतो. आणि कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष तर ११५ मीटरांपर्यंत जातात.

१८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं. पानांच्या पेशींतून पाण्याची वाफ होते, तिथला पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो आणि मागच्या पाण्याला ओढतो. रेणू एकमेकांना बांधलेले असल्याने ही ओढ मुळांपर्यंत पोचते. विहिरीतून दोर ओढावा तसा पाण्याचा अखंड स्तंभ वर येतो. उंच झाडांच्या शेंड्याला हा ताण वातावरणाच्या दाबाच्या पंधरा-वीस पट असू शकतो. झाडाची स्वतःची शक्ती यात जवळपास खर्चच होत नाही, काम सूर्याचं. किंमत मात्र जबर : मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं ९० टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून उडून जातं. दुष्काळात ताण हाताबाहेर गेला की स्तंभात वायूचा बुडबुडा शिरतो आणि ती वाहिनी बाद होते. असे स्तंभ तुटतानाचे टिकटिक आवाज संवेदनशील यंत्रांनी टिपता येतात.

प्रश्न : पाणी सगळं विरघळवतं म्हणतात, मग तेल का नाही? आणि ‘ऊर्जित’ किंवा अल्कलाइन (आम्लाच्या उलट गुणाचं) पाणी घ्यावं का?

सगळं नाही विरघळवत, आणि ते बरंच आहे. मिठाचे आयन (भारित कण) पाण्यात आले की त्यांच्यातलं आकर्षण सुमारे ८० पट कमी होतं, आणि भारित टोकं घेऊन रेणू त्यांना घेरतात. तेलाच्या रेणूत अशी टोकं नाहीत. तेल आणि पाण्याचं वैर आहे असंही नाही. पाण्याला आपापसातले बंध सोडवत नाहीत, म्हणून तेल बाजूला लोटलं जातं. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, याच लोटालोटीतून तयार होतं. एका टोकाला भार आणि दुसऱ्या टोकाला तेलकट शेपट्या असलेले रेणू पाण्यात आपोआप दुहेरी थर करतात, शेपट्या आत, डोकी बाहेर. हा थर मिलिमीटरच्या दोन लाखाव्या हिश्शाएवढा जाड, आणि रेणूंना एकमेकांशी जोडणारा एकही पक्का बंध त्यात नाही. प्रथिनांच्या घड्या पडण्यातही या लोटालोटीचा मोठा वाटा असतो.

आता दुसरा भाग. ‘ऊर्जित’ पाण्यात खास ‘रचना’ भरलेली असते, असा दावा केला जातो. पाण्यातले हायड्रोजन बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या हिश्शाच्या आसपास टिकतात, तेव्हा पाण्यात ‘रचना’ भरून ती बाटलीत विकता येत नाही. अल्कलाइन पाणी जठरात गेलं की तिथल्या आम्लात त्याचा निकाल लागतो, आणि रक्ताचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) शरीर ७.३५ ते ७.४५ दरम्यान स्वतःच राखतं. पैसे वाचवा.

प्रश्न : शुद्ध पाण्यातून वीज वाहत नाही, हे खरं का?

जवळपास खरं. २५ अंशांना साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच रेणू आयनांत फुटलेला असतो, एवढ्याशा आयनांवर वीज नावालाच वाहते. पण नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि तुमच्या घामात मीठ. तेव्हा स्विचला हात लावण्याआधी हात पुसून घ्या.