बिबिंबाप आता भारतातही मिळतो. मग कोरियात गेल्यावर भाताचा कोणता पारंपरिक पदार्थ आवर्जून खावा?

आंदोंगला जाऊन हॉतजेसाबाप खा.

मी सोलमध्ये नोकरी करते. कोरियन भात म्हणजे गोचुजांग, म्हणजे लाल मिरचीची आंबवलेली तिखट पेस्ट, घालून कालवलेला लालभडक बिबिंबाप, अशीच माझी समजूत होती. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचं माहेर आंदोंगचं. त्या मला आग्रहाने तिकडे घेऊन गेल्या.

उत्तर ग्योंगसांग प्रांतातलं हे शहर जुन्या कन्फ्युशियन घराण्यांचं. पूर्वजांसाठीचा ‘जेसा’ हा विधी तिथे रात्री उशिरा व्हायचा आणि मग नैवेद्याचं अन्न घरचे सगळे वाटून खायचे. विधी नसतानाही तेच जेवायचं, ते हॉतजेसाबाप. रात्री अभ्यास करणाऱ्या विद्वानांना भूक लागली की ते खोटाच जेसा मांडायचे, अशी एक गोष्टही तिथे सांगतात.

आपल्या श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, तसं जेसाच्या अन्नात लसूण आणि लाल मिरची घालत नाहीत. म्हणून इथे गोचुजांग नाही, नुसता सोया सॉस. माझ्यापुढे काशाचं वाडगं आलं. त्यात दोराजी या फुलझाडाची पांढरी मुळं, गोसारी म्हणजे नेच्याचे तपकिरी कोवळे कोंब, हिरवा पालक, मुळा, मोड आलेलं सोयाबीन. प्रत्येक भाजी वेगळी शिजवलेली. भात घालून चमचाभर सोया सॉस टाकला आणि हलक्या हाताने कालवला. गोसारी आधी जराशी चिवट लागते, मग रानभाजीसारखा मातकट स्वाद येतो. दोराजीचा कडसरपणा मागाहून जिभेवर राहतो. गोचुजांगखाली हे सगळं झाकलं जातं, म्हणून मला हा भात बिबिंबापपेक्षा सरस वाटतो.

सोबत खारवलेला मासा असतो, आपल्या बांगड्याच्या जातकुळीतला. आंदोंग समुद्रापासून आत आहे. पूर्व किनाऱ्यावरून आणताना मासा टिकावा म्हणून त्याला मीठ लावायचे, आता तीच आंदोंगची ओळख झाली आहे. शेवटी थंडगार सिखे, म्हणजे भाताचं पेय, मागा. इतरत्र ते गोड असतं, इथे मात्र मुळा, आलं आणि लाल तिखट घालून आंबवतात.

शाकाहारी असाल तर आधीच सांगा, कारण सूपमध्ये बीफ असतं आणि ताटात मासे.

सोलच्या चॉंगन्यांगनी स्टेशनवरून केटीएक्स या वेगवान रेल्वेने साधारण दोन तास लागतात. आंदोंग धरणाजवळच्या लाकडी पुलापाशी हे जेवण देणारी हॉटेलं आहेत. दुपारीच जा, आणि पहिले चार घास तरी गोचुजांग मागू नका.